चौदा निकामी बंदुका आणि एक चालू मशीन

लिहून ठेवणार: पारास्का फेदोर्कोवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी कारखान्यात मिलिंग मशीनवर कामाला, आता घरीच, राहणार निझ्ना ब्रेझोवा, घर क्रमांक ४१, जिल्हा स्विदनीक, स्लोव्हाकिया.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात मात्र ठिकाणावर नाहीत. गेल्या वर्षापासून ते थरथरतात, आणि चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो. म्हणून हा मजकूर मी तोंडाने सांगितला आणि नोटरीबाईंच्या कार्यालयात तो टाइप झाला. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालावा इतके माझ्याकडे काही नाही, आणि घाबरण्याइतकी ताकदही आता उरलेली नाही.

कलम १. माझे पती ओंद्रेय आणि मी २०११ साली केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करते. त्यात आम्ही माझे मिलिंग मशीन, म्हणजे लोखंड कापून घडवायचे यंत्र, आमचा मित्र युर्को चुरिला याला दिले होते. ते आता त्याला द्यायचे नाही. का, ते कलम सहामध्ये येईल.

कलम २. घर, मागची बाग आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझा एकुलता मुलगा स्लावो याला मिळावी. तो झिलिनाला असतो आणि वर्षातून दोनदा येतो. त्याला घर विकायचे असेल तर विकावे. मी वर बसून बघणार नाही. छपराची पश्चिमेकडची बाजू गळते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

स्लावोचे माझ्यावर एक गाऱ्हाणे आहे आणि ते खोटे नाही. ओंद्रेय गेल्यानंतरच्या नाताळात तो जेवता जेवता म्हणाला, "आई, तू माझ्यापेक्षा त्या बंदुकांच्या नळ्यांना जास्त वेळा हात लावलास."

मी म्हटले, "नळ्या रात्रीच्या बाहेर जात नव्हत्या."

"मी कुठे जातो ते एकदा तरी विचारलंस?"

विचारले नव्हते. घर त्याला देते आहे ते उत्तर म्हणून नाही. ते त्याचेच आहे.

कलम ३. बँकेतील शिल्लक. कायद्याने मुलाला जो हिस्सा द्यावाच लागतो तो स्लावोला मिळावा. बाकीची रक्कम ओस्त्रावा येथील दागमार झिखोवा यांना मिळावी. त्यांचा पत्ता नोटरीबाईंकडे आहे. त्या कोण, तेही कलम सहामध्ये येईल. त्यांनी एकदा नकार दिला आहे. पुन्हा दिला तर ती रक्कम स्विदनीकच्या रुग्णालयातील हाडांच्या विभागाला द्यावी आणि माझे नाव कुठेही लावू नये.

कलम ४. माझ्याकडे चौदा बंदुका आहेत. सगळ्या गेल्या महायुद्धातील, आणि सगळ्या कायद्याप्रमाणे निकामी केलेल्या. निकामी म्हणजे नळीत पोलाद घालून ती वेल्ड केलेली, बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता तुकडा, कापलेला, गोळी जाण्याची वाट कायमची बंद. प्रत्येकीचा दाखला हिरव्या फाइलमध्ये आहे. क्रमांक बंदुकीवर आणि कागदावर ताडून पाहावेत. मी दर वर्षी पाहत आले.

हे खूळ कुठून आले असे स्लावोची बायको विचारते. मी बावीस वर्षे शस्त्रांच्या कारखान्यात बंदुकांचे नवे बोल्ट घडवले. रोज एकशे साठ. ते कुठे जातात हे आम्ही विचारायचे नाही असे होते, आणि खरे सांगायचे तर विचारावेसे वाटतही नसे. कारखान्यातला पगार चांगला होता, सुट्टीत समुद्रावर पाठवत. १९९२ साली कारखाना बंद पडला तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. हिशेबाच्या बदल्यात मला जुने मिलिंग मशीन दिले गेले आणि मी ते घेऊन नवऱ्याच्या गावी आले.

ओंद्रेय जंगलखात्यात होता. १९९४ च्या वसंतात त्याला बीचच्या झाडाच्या मुळांत अडकलेली एक मशीनगन सापडली. आमच्या जंगलात अशा वस्तू निघतच असतात. माझ्या धाकट्या भावाची तीन बोटे अशाच एका वस्तूने नेली. ओंद्रेयने रीतसर पोलिसांना कळवले. बंदूक गेली, निकामी होऊन दाखल्यासकट परत आली. ती गंजाचा गोळा होती. मी ती रॉकेलमध्ये बुडवून ठेवली आणि मग अकरा महिने तिच्यावर खपले. पितळी ब्रश, कानस, पॉलिश पेपर. दस्त्याचे लाकूड कुजले होते, तो अक्रोडाचा नवा केला. पूर्ण झाली तेव्हा ती कारखान्यातून आत्ता बाहेर पडल्यासारखी दिसत होती आणि तिच्यातून काहीही सुटू शकत नव्हते. बावीस वर्षांत मला असे समाधान मिळाले नव्हते. माणसाने आयुष्याच्या पहिल्या भागात केलेल्या वस्तू दुसऱ्या भागात शांत बसलेल्या पाहाव्यात, एवढेच त्यात होते.

या चौदा बंदुका स्त्रोप्कोव येथील शाळेत इतिहास शिकवणारे मिरोस्लाव बान्यास मास्तर यांना मिळाव्यात. त्यांच्याकडे परवाना आहे आणि त्यांचे हात स्वच्छ असतात. वस्तुसंग्रहालयाला मी आधी विचारले होते. तिथले साहेब म्हणाले, "बाई, अशा चाळीस आमच्या तळघरात पडून आहेत." पडून आहेत, हे खरे होते. मी जाऊन पाहिले. गंज चढलेला होता.

बान्यास मास्तरांसाठी अटी: (अ) दर शरद ऋतूत दस्त्यांना जवसाचे तेल लावावे, पातळ, दोनदा. (आ) गणवेश घालून कुरणात लढाई लढाई खेळणाऱ्या मंडळींना एकही बंदूक उसनी देऊ नये. त्यांच्यातल्या एकाने माझी रायफल चिखलात टेकवून तिच्यावर कोपर ठेवून सिगारेट ओढली होती. त्याचे नाव मला ठाऊक आहे. लिहीत नाही. (इ) जुन्या पद्धतीने निकामी केलेल्या बंदुका विकायच्या किंवा सीमेपार न्यायच्या झाल्या तर नव्या नियमाने पुन्हा निकामी कराव्या लागतात. मग सगळे वेल्ड होते आणि बोल्ट हलतसुद्धा नाही. मी त्या बोल्टांवर हिवाळेच्या हिवाळे घालवले आहेत. तरी तशी वेळ आली तर मास्तरांनी ते करावे आणि माझ्यासाठी हळहळू नये. मलाही आता हळहळायचा कंटाळा आला आहे.

कलम ५. कानशी, ब्रश, मापे आणि व्हाइस हेही मास्तरांना. मोठ्या व्हाइसचा स्क्रू उलट्या आट्यांचा आहे.

कलम ६. मिलिंग मशीन कोणालाही मिळू नये. ते मोडून भंगारात द्यावे. विकू नये, स्लावो, कोणी कितीही देऊ केले तरी.

याचे कारण लिहिणे मला जड जाते, परंतु कारण लिहिले नाही तर कोणीतरी म्हणेल की म्हातारीचे डोके फिरले होते.

युर्को चुरिला शाळेची बस चालवत असे. ओढ्यापलीकडे राहतो. पहिल्या मशीनगनपासून तो आमच्याबरोबर होता, आणि त्याचाही स्वतःचा लहानसा संग्रह होता. दर रविवारी चर्चनंतर तो, ओंद्रेय आणि मी कामाच्या खोलीत असायचो. युर्कोला दस्ते जमत, ओंद्रेयला कागदपत्रे, मला लोखंड. अठरा वर्षे असे चालले. २०१२ मध्ये ओंद्रेय आजारी पडला. आठवड्यातून दोनदा त्याला प्रेशोवच्या रुग्णालयात न्यावे लागे आणि युर्को स्वतःच्या गाडीने नेई. त्याने पेट्रोलचे नावसुद्धा काढले नाही.

त्या नोव्हेंबरात ओंद्रेयला पाच दिवस ठेवून घेतले. मी तिथेच राहिले. युर्कोने विचारले, "मशीन वापरू का? फाटकाच्या बिजागऱ्या करायच्यात." मी किल्ली दिली.

परत आले तेव्हा मशीन पुसून ठेवलेले होते. जरा जास्तच स्वच्छ. खालच्या ट्रेच्या कोपऱ्यात लोखंडाचा थोडा कीस राहिला होता. बिजागरीचे लोखंड मऊ असते, त्याचा कीस पांढुरका आणि लांब निघतो. हा आखूड होता, निळा पडलेला. असा कीस मी बावीस वर्षे झाडला आहे. तो बंदुकीच्या बोल्टाचा होता, फाटकाचा नव्हता.

मी युर्कोला विचारले, "बिजागऱ्या झाल्या का?"

"झाल्या."

"दाखव की."

"बसवल्यासुद्धा," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता ओंद्रेयचे पांघरूण सारखे करू लागला.

मी त्याच्या फाटकाकडे जाऊन पाहिले. बिजागऱ्या जुन्याच होत्या. मी तो कीस जॅमच्या रिकाम्या बरणीत भरला, वर तारीख लिहिली आणि बरणी फळीवर ठेवली. कारखान्यात तपासणीची सवय होती. मग मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो ओंद्रेयला न्यायला दारात उभा होता. त्याला काय म्हणायचे होते मी? मी गाडीत पुढे बसले आणि रस्त्यावर धुके आहे असे म्हटले.

असे चार महिने गप्प बसले.

मार्चमध्ये ओस्त्रावाच्या एका बारमध्ये दोन माणसांचे भांडण झाले आणि एकाने छोटी मशीनगन काढली. ज्याच्यावर रोखली तो पळाला. मध्ये ट्रे घेऊन जाणाऱ्या बाईला गुडघ्यात दोन गोळ्या लागल्या. ती म्हणजे दागमार झिखोवा. बंदूक युर्कोच्या संग्रहातली, दाखल्यावर निकामी म्हणून नोंदलेली, माझ्या मशीनवर पुन्हा चालू केलेली.

मे महिन्यात पोलीस आले. तपास अधिकारी वयाने स्लावोएवढा होता, बोलायला नम्र. त्याने सांगितले की युर्कोने जबाब दिला आहे.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मशीन तिचं, हात तिचे. मला असलं काम येत नाही."

मी खुर्चीवर बसले. ओंद्रेय आतल्या खोलीत झोपला होता, दार उघडे होते. त्याने ऐकले की नाही हे मी त्याला कधी विचारले नाही. मग उठून मी फळीवरची बरणी आणली आणि त्या पाच दिवसांच्या रुग्णालयाच्या पावत्या आणल्या.

अधिकाऱ्याने बरणीवरची तारीख वाचली. मग विचारले, "म्हणजे तुम्हाला नोव्हेंबरपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

मी म्हटले, "तो माझ्या नवऱ्याला रुग्णालयात नेत होता." त्याने ते लिहून घेतले. कागदावर ते फार लहान दिसत होते.

युर्कोला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मला काही झाले नाही. माझ्या बंदुका तपासासाठी नेल्या आणि चौदा महिन्यांनी परत दिल्या. ओंद्रेय त्या दरम्यानच्या फेब्रुवारीत गेला. दफनाच्या वेळी युर्कोची बायको झुझ्का कबरीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. माती टाकून झाल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "माझ्या नवऱ्याने तुझ्या नवऱ्याला प्रेशोवला नेलं. तू माझ्या नवऱ्याला तुरुंगात नेलंस." पाद्रीबाबांनी प्रार्थना पुन्हा सुरू केली.

२०१५ मध्ये मी ओस्त्रावाला गेले. दागमारबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. गुडघा वाकत नाही. त्यांनी मला आत घेतले, चहा केला, मला उठू दिले नाही.

"तुम्ही गोळी झाडली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बंदूक तुम्ही विकली नाही."

"नाही."

"मग इतक्या लांब कशाला आलात?"

"मशीन माझं होतं. आणि मला कळलं होतं."

मी पैशांचे पाकीट टेबलावर ठेवले. त्यांनी ते चहाच्या बशीने माझ्याकडे सरकवले. "हे नको. ते मशीन मोडा," त्या म्हणाल्या. "अजून चालतंय का?"

मी म्हटले, "मोडते."

मोडले नाही. घरी आले, पोलिसांच्या तळघरातून आलेल्या चौदाही बंदुका गंजलेल्या होत्या आणि त्या साफ करायला मशीन लागत होते. एक झाली की दुसरी. नंतर कारण संपले तरी मशीन राहिले. नऊ वर्षे मी त्या बाईला दिलेला शब्द पाळला नाही, आणि त्याच मशीनवर काम केले, आणि काम चांगले झाले. हे सर्व खरे आहे. म्हणून मी मेल्यावर तरी ते मोडावे.

कलम ७. मला ओंद्रेयशेजारी पुरावे. पाद्रीबाबांनी माझ्या कामाबद्दल बोलू नये, त्यांना त्यातले कळत नाही. नंतरच्या जेवणाला कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून होलुबकी करावेत. विकतचे आणू नयेत. स्लिवोवित्सा, आपली आलुबुखाराची दारू, न मोजता द्यावी.

कलम ८. युर्को चुरिला याला बंदूक देता येत नाही, शिक्षा झालेल्या माणसाला परवाना नाही. म्हणून ज्यांना परवाना लागत नाही अशा दोन वस्तू त्याला मिळाव्यात: ओंद्रेयच्या ब्रशांची लाकडी पेटी, आणि पहिली मशीनगन पूर्ण झाली त्या दिवशीचा आम्हा तिघांचा फोटो. त्याने त्या घेतल्या नाहीत तर चुलीत घालाव्यात. मी त्याच्याशी अकरा वर्षे बोललेले नाही, त्यामुळे तो काय करील हे मला सांगता येत नाही.

वरील मजकूर दिनांक ३० सप्टेंबर २०२४ रोजी टाइप झाला. सही त्या दिवशी झाली नाही. नोटरीबाई म्हणाल्या, "त्या माणसाला निदान विचारा तरी. नाहीतर मला त्याला नोटीस पाठवायची आणि त्याने ती परत करायची, हे कशाला?" म्हणून पुढील पुरवणी.

पुरवणी, दिनांक १४ ऑक्टोबर २०२४.

२ तारखेला मी मजकुराची प्रत घेऊन ओढ्यापलीकडे गेले. दार झुझ्काने उघडले.

"अकरा वर्षांनी वाट सापडली का?"

"कागद दाखवायचाय त्याला," मी म्हटले.

"तुझे कागद पाहिलेत आम्ही." तरी ती बाजूला झाली.

युर्को खिडकीपाशी बसला होता. खूप बारीक झाला आहे. त्याने चष्मा शोधला आणि सगळे वाचले, स्वतःबद्दलचेही. कलम सहा दोनदा वाचले. झुझ्का दारातच उभी राहिली.

"हे मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "हात तिचे."

"हो."

"पोलिसांनी सहा दिवस झोपू दिलं नव्हतं, असं सांगता आलं असतं. पण तसं काही नव्हतं. पहिल्याच तासात म्हणालो."

मला राग येईल असे वाटले होते. आला नाही. फार दिवस बाहेर ठेवलेल्या वस्तूसारखा तो कुठेतरी झिजून गेला होता.

मग मी विचारले, जे मला न्यायालयातही कळले नव्हते. "केलंस कशाला? तुला तर चोरून काही विकायची सवय नव्हती."

"विकायचं नव्हतं. मला ती एकदा चालताना बघायची होती." त्याने चष्मा काढला. "इतकी वर्षं घासतो, पुसतो, आणि नुसती बसलेली असते. जुन्या खाणीत नेली. एकदा चालवली आणि मला इतकी भीती वाटली की घरात ठेववेना. पोलिसांकडे कसा जाणार? मग एक जण विचारत आला, त्याला दिली."

झुझ्का दारातून म्हणाली, "मला फाटकाच्या बिजागऱ्या सांगितल्या होत्या."

मी म्हटले, "मलाही." आणि युर्कोला सांगितले जे मी कोणालाच सांगितले नव्हते: की तो कीस पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटले ते असे की, काम सफाईने केले आहे. आणि ती चालत असेल का, असेही वाटले. म्हणूनही मी गप्प बसले असेन. बावीस वर्षे मी चालणाऱ्या वस्तू केल्या होत्या.

त्याने चष्मा पुन्हा लावला. मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "हे मशीन कोण मोडणार? स्लावो?"

"लिहिलंय ना तसं."

"तू गेल्यावर तो एक फोन करील आणि घेणारा टेम्पो घेऊन येईल. जिवंत आहेस तोवर मोडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घण आणि पाने घेऊन आला. दोन दिवस लागले. पाने त्याने फिरवले, कारण माझ्या हातांना ते धरवत नव्हते. कोणता नट आधी ढिला करायचा ते मी सांगत होते. मशीनचे ओतीव लोखंडाचे टेबल घणाच्या चौथ्या घावात फुटले. तो आवाज मला आवडला नाही. मी बाहेर जाऊन ओसरीवर बसले आणि थोडी रडले, आणि आत आले. दुपारी झुझ्काने बटाटा भरून उकडलेल्या पिरोहीचे ताट आणून खिडकीत ठेवले आणि न बोलता गेली. शनिवारी भंगारवाला सगळे घेऊन गेला. दागमारबाईंना मी पत्र पाठवले आहे. नऊ वर्षे उशीर झाला, असेही त्यात लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.

सबब कलम ६ रद्द. त्यात सांगितलेले काम झालेले आहे.

कलम ८ ही रद्द, त्याचे कारण वेगळे. साक्षीदार म्हणून मी शेजारच्या हान्का देमियानोवा यांना विचारले होते, पण साक्षीदार दोन लागतात आणि दुसरा मिळत नव्हता. युर्को म्हणाला, "मी करतो."

नोटरीबाईंनी त्याला समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. पेटी आणि फोटो सोडावे लागतील.

"सोडतो," तो म्हणाला. "पेटी मास्तरांना द्या. मला सही करू द्या."

ब्रशांची पेटी बान्यास मास्तरांना मिळावी. फोटो माझ्याबरोबर पुरावा.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आले, ते मी सांगितले तसेच आहे, आणि सही वाकडी आली असली तरी ती माझीच आहे.

सही: पारास्का फेदोर्कोवा
ठिकाण: स्विदनीक
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार पहिली: मी, हान्का देमियानोवा, राहणार निझ्ना ब्रेझोवा ४३, माझ्यासमोर पारास्काबाईंनी सही केली. मला यात काही मिळत नाही.

साक्षीदार दुसरा: मी, युराय (युर्को) चुरिला, राहणार निझ्ना ब्रेझोवा १७, सेवानिवृत्त बसचालक. वरील मजकूर मी पूर्ण वाचला आहे. यात माझ्याविषयी जे लिहिले आहे ते खरे आहे. माझ्यासमोर तिने स्वतःच्या हाताने सही केली. मला यात काही मिळत नाही.